दालचिनीला टिकणारी टाकी

"उल्का, याला घाम आलाय बघ," बाबा म्हणाले.

मी तव्यावरचं थालीपीठ उलटून बाहेर आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि हातात ती पिपाणी. पिपाणी हे नाव त्यांचंच. खरं तर ते सिगारेटऐवजी ओढायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र होतं. खाली बॅटरीची दांडी, वर अंगठ्याएवढी पारदर्शक टाकी, टाकीत मधाच्या रंगाचं लिक्विड. बटण दाबलं की ते तापायचं आणि त्याची वाफ ओढायची. त्या टाकीवर आज चिकट थेंब जमले होते.

मी ती उजेडात धरली. प्लास्टिकच्या नळीत केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत.

"घाम नाही बाबा, तडकलीय. आधी हात धुवून या. त्यात निकोटिन असतं."

बाबा हात धुवून आले ते थेट फोनपाशी. खिशातली छोटी वही काढून त्यांनी एकेक आकडा बघत नंबर लावला. मी थालीपीठ करपू दिलं आणि दारातच उभी राहिले. कारण तो नंबर लीड्सचा होता, माझ्या धाकट्या भावाचा, श्रीरंगचा. आणि बाबांनी आपण होऊन त्याला फोन लावल्याचं मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट २०१६ सालची. या यंत्रांवर तेव्हा अजून बंदी आली नव्हती. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांची शेतं मोजली, बांधावर उभ्या ठाकलेल्या भावाभावांच्या मधे मोजणीची साखळी धरली आणि दिवसाला पंचवीस सिगारेटी ओढल्या. त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सरळ सांगितलं, ही सिगारेट सुटली नाही तर तुम्ही सुटाल. मी ते श्रीरंगला कळवलं. त्याने नाशिकला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ही पिपाणी आणि दालचिनीच्या स्वादाच्या चार बाटल्या पाठवल्या. डॉक्टरांनी मान हलवली, "हे काही औषध नाही," म्हणाले. पण सिगारेट बंद झाली, हे खरं.

बापलेकात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, ते मिटवता येतं. आई होती तोवर फोन तिच्या हातात असायचा आणि बाबा मागून म्हणायचे, "जेवणाचं विचार. थंडी किती आहे विचार." आई गेली तेव्हा श्रीरंगचे व्हिसाचे कागद अडकले होते. त्याचा तिसऱ्या दिवशी फोन आला, "बाबा, मी पुढच्या आठवड्यात निघतो." बाबा म्हणाले, "आता येऊन काय करणार?" ते दुःखाने म्हणाले होते. तिकडे ते वेगळं ऐकू गेलं. तो आला नाही. त्यानंतर तो माझ्या फोनवर बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "बाबा बरे आहेत ना?" मी फोन बाबांपुढे धरला की ते म्हणायचे, "ठीक आहे म्हणावं."

त्या रविवारी मात्र बाबा बारा मिनिटं बोलले. टाकी कुठून तडकली, किती मिलिमीटर, लिक्विड कधी भरलं होतं, सगळं सांगितलं. पलीकडून श्रीरंग काहीतरी समजावत होता आणि बाबा "हं, हं, मग?" करत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "दुसरी पाठवतोय."

दुसरी आली. तीन आठवड्यांत तीही तडकली. परत फोन. तिसरी आली. परत तडकली. परत फोन.

आता माझं काम सांगते म्हणजे मला काय झालं ते कळेल. मी सातपूरच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिक तपासायचे. कारखाने आमच्याकडे बाटल्या, झाकणं, नळ्या पाठवायचे. कुठलं प्लास्टिक कशात टिकेल, हे सांगून खाली सही करणं हा माझा धंदा. माणसांबद्दल मी फार चुकले, पण प्लास्टिकबद्दल सहसा नाही. आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, दर तीन आठवड्यांनी एक टाकी तडकत होती.

"बाबा, दालचिनीचं तेल या प्लास्टिकला खातं," मी एकदा म्हटलं. "लिंबाचं, पुदिन्याचंही तसंच. स्वाद बदला. तंबाखूचा साधा मिळतो, त्याने काही होत नाही."

"नको."

"का?"

"पोराने निवडून पाठवलाय."

"मग टाकी बदलू."

बाबांनी वर पाहिलं. "तुला जमेल?"

एवढंच विचारलं त्यांनी. पण मी अडतीस वर्षांची होते आणि मला काय जमतं, हे त्यांनी मला त्याआधी कधी विचारल्याचं आठवत नव्हतं.

मग पुढचे सहा आठवडे आमच्या घरी जे चाललं, ते मी अजून विसरलेले नाही. मी प्रयोगशाळेतून प्लास्टिकच्या पट्ट्या आणायला लागले. प्रत्येक जातीची पट्टी लाकडी ठोकळ्यावर वाकवून बांधायची, वर दालचिनीच्या लिक्विडात भिजवलेला कापूस ठेवायचा आणि वाट बघायची. प्लास्टिक नुसतं पडून असेल तर पुष्कळ दिवस तग धरतं. अंगात ताण असेल तर लगेच चिरतं, म्हणून ते वाकवायचं. बाबांनी गॅलरीतलं तुळशीशेजारचं फळकूट रिकामं करून दिलं, आणि एक वही घातली. मोजणीच्या वहीसारखीच, रेघा मारून.

संध्याकाळी मी सँडल काढते ना काढते तोच त्यांचा आवाज यायचा.

"उल्का, तीन नंबर गेला!"

"कधी?"

"चार वाजून दहा मिनिटांनी. टच्चकन आवाज आला. मी समोरच बसलो होतो."

"सकाळपासून?"

"जेवायला उठलो होतो तेवढाच."

ॲक्रिलिक पहिल्याच दिवशी गेलं. पॉलिकार्बोनेट, म्हणजे त्या टाकीचं मूळ प्लास्टिक, दोन दिवसांत धुकट झालं आणि मग तडकलं. एक जात चिरली नाही, पण आतून पिवळी पडली आणि वासही धरून बसली. पॉलिप्रॉपिलीन टिकलं, तर ते दुधाळ. आत लिक्विड किती उरलंय ते दिसेना. बाबांना दिसायला हवं होतं. सांध्यातल्या रबराच्या रिंगांचंही तेच. काळ्या फुगल्या, पांढऱ्या सैल पडल्या, तपकिरी टिकल्या. बाबा एकेक रिंग मापून लिहीत होते. त्यांनी जाडी मोजायचा कॅलिपर हातात धरला की हात थरथरायचा थांबत असे.

"तुझ्या तिथे रोज असंच चालतं?" त्यांनी एकदा विचारलं.

"रोज. फक्त यंत्रं मोठी असतात."

"मला वाटायचं, तू टेबलावर बसून कागद लिहितेस."

मी हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य मी दोनतीनदा मनात फिरवून पाहिलं. सोळा वर्षं मी त्या नोकरीत होते.

शेवटी काच ठरली. साधी नाही, प्रयोगशाळेच्या भांड्यांची. तिला उष्णता, आम्ल, तेल कशाचं काही वाटत नाही. अंबडला बागूल नावाचे एक गृहस्थ काचकाम करायचे. मी आणि बाबा रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. टाकीचा वरचा आणि खालचा भाग मुळात स्टीलचाच होता, मधली नळी फक्त बदलायची होती. बाबांनी मापं कागदावर काढून नेली होती, तीन बाजूंनी.

बागूलांनी कागद पाहिला आणि मला विचारलं, "ताई, हे कुणी काढलं?"

"बाबांनी."

"आमच्याकडे इंजिनिअर लोकं येतात, त्यांना असं काढता येत नाही."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांचे कान हलले. बागूलांनी नळी कापली, दोन्ही कडा ज्योतीवर धरून गोल केल्या. घरी येऊन मी तपकिरी रिंगा बसवल्या, स्टीलचे भाग फिरवले आणि लिक्विड भरलं. ते काचेतून इतकं छान दिसलं की बाबा पुष्कळ वेळ ती नुसती हातात धरून होते.

"चांगली झाली," ते म्हणाले.

"आता काही होत नाही तिला. आपल्या सगळ्यांना पुरून उरेल."

"हो का," बाबा म्हणाले.

एक महिना गेला. टाकी तशीच, स्वच्छ. मी आल्यागेल्याला दाखवत होते. बाबा मात्र कमी कमी बोलायला लागले. मला वाटलं, निकोटिन कमी केलंय, चिडचिड होत असेल. रविवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसायचे. समोर पिपाणी. ती उचलून उजेडात धरायची, फिरवून बघायची, खाली ठेवायची. थोड्या वेळाने परत उचलायची.

"काही त्रास देतेय का?" मी विचारायचे.

"छे. काही नाही."

आणि मग एकदा, "ही पडली तर फुटेल ना गं?"

"पडली तर फुटेल. पण तुम्ही कशाला पाडाल?"

"नाही, नाही. उगाच विचारलं."

ऑगस्टच्या सुरुवातीला एका शनिवारी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. दार किल्लीने उघडलं. बाबा गॅलरीत उभे होते, माझ्याकडे पाठ. त्यांनी टाकी उघडून काचेची नळी वेगळी केली होती, धुवून कोरडी केली होती, आणि ती तळहातावर ठेवून हात फरशीच्या वर सरळ लांब धरला होता. ते बोटं सैल करायचे आणि परत मिटायचे. मी दारातच थांबले. मग त्यांनी हात छातीशी घेतला आणि तसेच खुर्चीवर बसले.

"बाबा," मी म्हटलं.

ते दचकले. नळी मुठीत लपवायला गेले, पण लपवायचं वय नव्हतं.

"काय करत होतात?"

"काही नाही."

"फोडत होतात?"

त्यांनी मूठ उघडून दाखवली. "नाही फुटली. म्हणजे... तू केलेली आहेस. मला मोडवेना."

"पण मोडायची कशाला?"

बाबा रस्त्याकडे बघत बोलले. "तो काही वाईट नाही गं. मी पण नाही. पण फोन करायला काहीतरी निमित्त लागतं. टाकी तडकली की मला नंबर लावता यायचा. मग तो विचारायचा, किती दिवस टिकली, कुठून गेली. मी सांगायचो. मधेच बोलून जायचा की तिकडे बर्फ पडलंय. एकदा म्हणाला, मी आता आमटी करायला शिकलोय. तो काय सांगेल या नादात मी..." ते थांबले. "आता टाकीच ठीक आहे. काय सांगणार त्याला?"

मला वाईट वाटलं. थोडं त्यांच्यासाठी आणि, खोटं कशाला बोलू, थोडं माझ्यासाठीही. ते सहा आठवडे मी आमचे धरून चालले होते. माझे आणि बाबांचे. तेव्हाही ते कदाचित फोनच्या निमित्ताचीच वाट बघत होते. मी स्वयंपाकघरात गेले, पाण्याचा नळ सोडून उभी राहिले, तोंड धुतलं. वळून पाहिलं तर बाबा ती नळी धोतराच्या सोग्याने पुसून रुमालात गुंडाळत होते, नवजात पोराला गुंडाळावं इतक्या जपून. ते बघितल्यावर मात्र माझा राग टिकला नाही.

श्रीरंगने पाठवलेल्या टाक्यांबरोबर आलेली एक सुटी प्लास्टिकची नळी माझ्या खणात होती. मी ती आणली, बाबांच्या समोर बसून टाकीत बसवली आणि दालचिनीचं लिक्विड काठोकाठ भरलं. बाबा बघत होते.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गणपतीच्या सुमारास."

"वरचं झाकण घट्ट आवळलं तर आधीही," मी म्हटलं.

बाबांनी पिपाणी हातात घेतली आणि झाकण आणखी अर्धा वेढा आवळलं.

पंधराव्या दिवशी टाकी तडकली. रविवारच होता. बाबांनी नंबर लावला आणि मी बाजूला भाजी निवडत बसले. टाकीचं बोलून झालं. मग बाबा म्हणाले, "आमटीला तिकडे चिंच मिळते का?" मग मुळ्याची भाजी, मग त्याच्या गुडघ्याचं दुखणं, त्याचा गुडघा दुखतो हे मलाही माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने बाबांनी फोन माझ्यापुढे केला. "तुला मागतोय."

"तायडे," श्रीरंग म्हणाला, "तू तर यातलीच आहेस. तुला तिथे एखादी चांगली टाकी बघून देता येत नाही का बाबांना? काचेची वगैरे?"

बाबा माझ्याकडे बघत होते. हातातला रुमाल त्यांनी घट्ट धरला होता.

सोळा वर्षांत मी एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती. मोठमोठ्या कारखान्यांचे मालक समोर बसून गोड बोलायचे, तरी नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "इकडे काही धड मिळत नाही."

"खरंच?"

"खरंच. सगळ्या तडकतात. आणि पाठवून पाठवून किती पाठवशील? तूच घेऊन ये."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दिवाळीला सुट्टी मिळते का बघतो."

तो आला. सहा वर्षांनी, बारा दिवसांसाठी. दारात बाबांच्या पाया पडला तेव्हा बाबा म्हणाले, "बारीक झालास," आणि तो बराच जाडा झाला होता. त्या बारा दिवसांत काही फार मोठं घडलं नाही. दोघं सकाळी गोदेकाठी फिरायला जायचे. त्याने आमटी करून दाखवली. बाबांनी दोनदा घेतली. आईच्या फोटोसमोर तो एकटा बसला तेव्हा बाबा बाहेर उभे राहिले, आणि मग आत जाऊन त्याच्या शेजारी बसले. त्याने काचेच्या दोन टाक्या आणल्या होत्या. त्या बाबांनी खोक्यासकट कपाटात ठेवल्या. मुंबईच्या डॉक्टरांकडे तो त्यांना घेऊन गेला आणि तिथून आल्यावर बाबांनी पिपाणीही कमी करत आणली.

निघायच्या दिवशी बाबांचे पाय सुजले होते, म्हणून मुंबईला विमानतळावर मी एकटीच गेले. दुपारचं विमान होतं. आत जाण्याआधी श्रीरंगने बॅग खाली ठेवली.

"तायडे, तुझ्या खणात रुमालात गुंडाळलेली काचेची नळी बघितली मी. सोबत कुणा बागूल काचकामवाल्यांची पावती होती."

मी खाली वाकून त्याच्या बॅगेवरची चिठ्ठी सरळ करायला लागले.

"रागावलो नाही गं," तो म्हणाला. "मला पण तुला सांगायचंय. त्या प्लास्टिकच्या टाक्यांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, दालचिनीचं लिक्विड यात घालू नका. ठळक अक्षरांत. पहिली तडकली तेव्हाच मी वाचलं."

"मग तीच का पाठवत राहिलास?"

"पहिली तडकली आणि बाबांचा फोन आला." त्याने बॅगेचा पट्टा उगाच ओढून बघितला. "चार वर्षांनी. मला दुसरं काही सुचलं नाही."

मग तो आत गेला. काचेपलीकडे वळून त्याने हात केला, मी केला, आणि गर्दीत तो दिसेनासा झाला.

मी नाशिकला पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"गेला का आत?"

"गेला."

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. खोक्यावरचं लिहिलेलंही. सांगावं की नाही, हे मी गाडीत चार तास ठरवत होते. पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर ठरवायला काही उरलं नाही.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "लबाड आहे." चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपण तिघंही लबाड."

ते उठले, सुजल्या पायांनी भिंत धरत आत गेले आणि फोन घेतला. या वेळी वही काढली नाही. नंबर पाठ झाला होता.

"बाबा, तो विमानात आहे. उद्या सकाळपर्यंत फोन बंदच असणार."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि फोन कानाला लावला. पलीकडे एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगायला लागली. बाबांनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि परत तोच नंबर लावला.